आधी फिक्स्चर, मग ग्रिपर, रोबो शेवटी: मशीन लोडिंगच्या सेलसाठी कामाचा नेमका क्रम

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्यातल्या लहान-मध्यम शॉपमध्ये सीएनसी टर्निंग सेंटरचं लोडिंग-अनलोडिंग, म्हणजे जॉब (घडवायचा भाग) मशीनमध्ये लावणं-काढणं, रोबोकडे द्यायचं काम आता वारंवार निघतं, आणि एक चूक तितक्याच वेळा होते. रोबोची ऑर्डर सगळ्यात आधी जाते. तो येऊन उभा राहिला की मग कुणीतरी विचारतं, जॉब पकडायचा कशाने? मग कॅटलॉग चाळून ग्रिपर (रोबोचा पकडणारा पंजा) निवडला जातो, फिंगर (त्या पंजाची बोटं) घाईघाईने मिलिंग करून घेतल्या जातात आणि ट्रे म्हणून जुनीच बिन रोबोपुढे सरकवली जाते. पुढचे कित्येक महिने जॉब निसटतो, चकमध्ये (मशीनच्या पकडीत) तिरका बसतो, सेल (रोबो आणि मशीनचा संच) दर तासाला थांबतो, आणि दोष रोबोच्या नावावर जमा होतो.

क्रम नेमका उलटा हवा. आधी जॉब, मग त्याची बैठक (फिक्स्चर), मग फिंगर, मग ग्रिपर, आणि या सगळ्याची बेरीज झाल्यावर रोबो. समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू: फोर्जिंगचा स्टील हब, बाहेरचा व्यास ९२ मिमी, कच्चं वजन २.४ किलो, दोन्ही ऑपरेशन झाल्यावर १.७ किलो. आकडे उदाहरणासाठी आहेत, त्या जागी तुमच्या जॉबचे घाला.

## टप्पा १: ड्रॉइंग बाजूला ठेवा, जॉब हातात घ्या

ड्रॉइंगवरचा जॉब कोरडा, स्वच्छ आणि एकसारखा असतो. ट्रॉलीतून येणारा तसा नसतो. तीन वेगवेगळ्या लॉटमधले काही जॉब बाजूला काढा आणि एका कागदावर हे लिहा:

- प्रत्येक अवस्थेतलं वजन: कच्चा, पहिल्या ऑपरेशननंतर, दुसऱ्या ऑपरेशननंतर
- पकडायच्या जागेचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान व्यास
- पार्टिंग लाइन (डायच्या दोन भागांच्या सांध्याची रेघ) कुठे आहे आणि तिच्यावर फ्लॅश (सांध्यातून बाहेर आलेला जादा धातू) किती उरला आहे
- ड्राफ्टचा उतार कोणत्या बाजूला आणि किती
- पृष्ठभागावर काय आहे: गंजरोधक तेल, स्केल (तापवल्याने आलेली पापडी), कूलंट, बर (कडेला उरलेली धारदार कोर)
- कोणत्या फिनिश पृष्ठभागांना फिंगर लागता कामा नये

ड्राफ्टकडे हमखास दुर्लक्ष होतं. फोर्जिंगची बाहेरची भिंत सरळ नसते, किंचित उतरती असते. तिच्यावर सपाट फिंगर जोरात आवळली की फिंगर बारीक बाजूकडे घसरू पाहते आणि जॉब पकडीतून बाहेर ढकलला जातो. तेलकट स्टीलवर स्टील असेल तर घर्षणांक साधारण ०.१ धरतात. त्या हिशोबाने एका बाजूचा उतार ५.७ अंशांच्या पुढे गेला की जॉब नुसत्या घर्षणावर टिकत नाही, कितीही जोर लावा. जोर वाढवला तर बाहेर ढकलणारं बळही त्याच प्रमाणात वाढतं. अशा वेळी फिंगरलाच तेवढा उतार द्यावा लागतो, किंवा खाली एक छोटी ओठ ठेवून जॉबला आधार द्यावा लागतो.

तपासणी: हब व्ही-ब्लॉकमध्ये ठेवा, वरच्या फेसवर डायल लावा आणि हब हाताने सावकाश फिरवा. फ्लॅशची रेघ व्हीच्या भिंतीवर आली की डायलचा काटा एकदम उडी मारतो, आणि रेघ पुढे गेली की परत येतो. ही उडी कोणत्या उंचीवर येते ते जॉबवर मार्करने लिहा. फिंगरच्या पॅडला (जॉबला टेकणाऱ्या भागाला) तेवढ्या उंचीवर खाच हवी. ही पंधरा मिनिटांची तपासणी न केल्यामुळे पुढे चकमध्ये जॉब तिरका बसतो आणि सगळे रोबोचे पॉइंट पुन्हा शिकवत बसतात.

त्याच मशीनवर दुसरे व्हेरिअंट चालत असतील तर त्यांचेही जॉब आत्ताच मागवा. फिंगर तयार झाल्यावर "अजून एक साइज आहे" हे वाक्य फार महागात पडतं.

## टप्पा २: जॉब टेकणार कुठे ते ठरवा

जॉबची जागा नेमकी ठेवणं हे फिक्स्चरचं काम आहे. ग्रिपरने फक्त उचलायचं आणि न हलवता न्यायचं. ही दोन कामं एकमेकांत मिसळली की सेल कधीच स्थिर होत नाही.

नियम जुनाच आहे, ३-२-१. वस्तूला सहा मोकळीका असतात: तीन दिशांना सरकणं आणि तीन अक्षांभोवती फिरणं. तळाला तीन टेकू, बाजूला दोन, टोकाला एक, की सहाही बंद. गोल हबला तळाचे तीन टेकू आणि एक व्ही पुरेसा. त्याला कीवे किंवा होल नसेल तर स्वतःभोवती फिरण्याची मोकळीक बंद करायची गरज नाही. दोन होलवर बसणारा प्लेट-टाइप जॉब असेल तर एक पिन पूर्ण गोल आणि दुसरी डायमंड (दोन बाजूंनी छाटलेली) ठेवा. दोन्ही गोल ठेवल्या तर होलच्या अंतरात जरा फरक आला की जॉब अडकतो, आणि माणसासारखा तो हलवून काढणं रोबोला जमत नाही.

ट्रे करताना इतकं पाहा:

१. घरट्यात (जॉब बसतो त्या खळग्यात) जॉबला अर्धा ते एक मिमी सैलपणा आणि तोंडाला चांगला मोठा चॅम्फर (तिरकी कड).
२. जॉब फक्त तीन टेकूंवर टेकावा, पूर्ण सपाट तळावर नाही. सपाट तळावर एक चिप आली तरी जॉब कलतो.
३. तळाला मोठी भोकं, म्हणजे कूलंट आणि चिप्स खाली गळतील.
४. जॉब उलटा ठेवता येणार नाही अशी एखादी पिन. तिसऱ्या पाळीला ट्रे भरणारा माणूस दमलेला असतो, हे गृहीत धरून डिझाइन करा.
५. फिंगर उघडून खाली येईल एवढी दोन जॉबमध्ये मोकळी जागा. ट्रेमध्ये जास्तीत जास्त जॉब बसवण्याच्या नादात ही जागा हमखास खाल्ली जाते.

पहिल्या ऑपरेशननंतर जॉब पलटायचा असेल तर मध्ये रीग्रिप स्टेशन, म्हणजे जॉब ठेवून पुन्हा दुसऱ्या बाजूने पकडायची जागा, लागतं. तिथे जॉब पहिल्या ऑपरेशनच्या फिनिश फेसवर टेकवा, कच्च्या फेसवर नाही. दुसऱ्या ऑपरेशनला चक जो फेस संदर्भ म्हणून घेणार, तोच इथेही घ्यायचा.

सावधान: कॅमेरा लावला की फिक्स्चर नको, असा समज सध्या फार पसरला आहे. कॅमेरा जॉब कुठे आहे ते सांगतो. जॉब कलला असेल, खाली चिप असेल किंवा तो शेजारच्या जॉबवर चढला असेल तर तो सरळ करून देत नाही. पहिल्या सेलला चांगला ट्रे करा, कॅमेरा नंतर बघू.

## टप्पा ३: फिंगर डिझाइन करा

ग्रिपरची बॉडी विकत मिळते, फिंगर तुमच्या असतात. टूल अँड डाय मेकिंग शिकलेला कुणी तुमच्याकडे असेल, चिकलठाण्यातल्या इंडो जर्मन टूल रूममधून बाहेर पडलेला मुलगा किंवा मुलगी, तर हे काम त्यांच्या हाती द्या. जिग-फिक्स्चरची नजर असलेला माणूस इथे प्रोग्रामरपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

गोल जॉबला तीन फिंगरचा सेंट्रिक ग्रिपर उत्तम, कारण तो जॉब स्वतःच मध्यावर आणतो. दोन फिंगरचा पॅरलल ग्रिपर स्वस्त पडतो, पण त्यात दोन्ही फिंगरना व्ही द्या. एकीला व्ही आणि दुसरीला सपाट पॅड दिलं तर व्यास बदलला की केंद्र सरकतं.

चकमध्ये फिंगर कुठून शिरणार, हा प्रश्न कागदावरच सोडवा. तीन जॉच्या चकला तीन फिंगरचा ग्रिपर असेल तर फिंगर चकच्या जॉच्या मधल्या मोकळ्या जागेत, ६० अंश फिरवून आल्या पाहिजेत. त्यासाठी स्पिंडल दर वेळी एकाच कोनात थांबायला हवा. मशीनमध्ये स्पिंडल ओरिएंटेशन आहे का, बहुतेक कंट्रोलवर ते एम१९ ने होतं, हे आत्ताच विचारा. नसेल तर जॉब फेसच्या बाजूने, चकच्या जॉच्या पुढे उरलेल्या लांबीवर पकडायची सोय करावी लागेल.

पॅडचं मटेरियल अवस्थेप्रमाणे बदलतं. कच्च्या फोर्जिंगला हार्ड केलेलं, बारीक दातेरी स्टीलचं पॅड चालतं. फिनिश झालेल्या पृष्ठभागाला ते लावलं तर ओरखडे आलेच म्हणून समजा. तिथे पितळ, डेलरीन (कडक प्लास्टिक) किंवा पीयू (पॉलीयुरेथेन). म्हणून मशीन लोडिंगला शक्यतो दोन ग्रिपरची जोडी ठेवावी: एक कच्च्या जॉबसाठी, दुसरा तयार जॉबसाठी. एकदाच आत जाऊन तयार जॉब काढायचा, मनगट फिरवून कच्चा लावायचा. सायकल टाइमही वाचतो आणि पॅडची तडजोडही करावी लागत नाही.

फिंगर ग्रिपरच्या जॉवर बसवताना दोन डॉवेल पिन आणि बोल्ट, असंच करा. बोल्टचं काम आवळण्याचं, जागा डॉवेलने धरायची. नुसत्या बोल्टवर बसवलेली फिंगर पहिल्या धक्क्याला होलच्या सैलपणात सरकते, आणि बदलल्यावर सगळे पॉइंट पुन्हा शिकवावे लागतात.

तपासणी: फिंगर तयार झाल्या की ग्रिपर टेबलावर बांधा. पॅडला मार्किंग ब्लूचा अगदी पातळ हात द्या, हब पकडा, सोडा आणि हबवर उठलेला ठसा बघा. प्रत्येक पॅडचा ठसा दोन स्वच्छ पट्ट्यांत, वरपासून खालपर्यंत उठायला हवा. फक्त टोकाला उठला तर फिंगर वाकते आहे किंवा उतार चुकला आहे. एकाच पॅडचा ठसा गडद आणि बाकीचे फिके असतील तर जॉब मध्यावर नाही. सगळ्या लॉटचे जॉब लावून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: पकडीचं बळ काढा

अंदाजाने ग्रिपर निवडू नका. गणित चार ओळींचं आहे.

जॉबचं वजन किलोत घ्या. त्याला गुरुत्वाकर्षणाचे ९.८१ आणि रोबोचं प्रवेगमूल्य यांच्या बेरजेने गुणा. प्रवेग नेहमीच्या चालीचा घेऊ नका. इमर्जन्सी दाबल्यावर रोबो त्याहून जोरात थांबतो, आणि जॉब निसटतो तो नेमका तेव्हा. इथे आपण १० मीटर प्रति सेकंद वर्ग धरू.

२.४ × (९.८१ + १०) = साधारण ४७.५ न्यूटन.

हे बळ घर्षणाने पेलायचं आहे. घर्षणांक ०.१ आणि फिंगर तीन, म्हणजे ४७.५ ला ०.३ ने भागा: प्रत्येक फिंगरला १५८ न्यूटन. सुरक्षिततेसाठी दुप्पट करा: ३१७ न्यूटन. दोनच फिंगर असत्या तर हाच आकडा ४७५ झाला असता.

आता कॅटलॉग उघडा, पण तीन गोष्टी बघून.

पहिली, दिलेलं बळ एका फिंगरचं आहे की सगळ्यांचं मिळून? कंपन्या दोन्ही पद्धतीने लिहितात. दुसरी, ते बळ कोणत्या दाबाला आहे? बरेच कॅटलॉग ६ बारला देतात, काही ५ बारला. तुमच्या शॉपमध्ये दुपारी सगळ्या मशीनच्या एअर गन चालू असताना लाइनच्या टोकाला ४.५ बार मिळत असेल, तर ६ बारच्या आकड्याचे ७५ टक्केच हातात येतात. म्हणजे ३१७ न्यूटन हवे असतील तर कॅटलॉगवर ४२३ च्या पुढचा ग्रिपर शोधा. तिसरी, फिंगरची लांबी. फिंगर लांब झाली की पकडीचं बळ कमी होतं आणि ग्रिपरच्या गाइडवर मोमेंट वाढतो. कॅटलॉगमध्ये लांबीप्रमाणे आलेख असतो, बळ त्यावरूनच वाचा.

स्ट्रोकही बघा. जॉब स्ट्रोकच्या मधल्या भागात पकडला गेला पाहिजे. पूर्ण बंद व्हायच्या आधी प्रत्येक बाजूला दोन-तीन मिमी शिल्लक हवेत, नाहीतर लहान व्यासाच्या जॉबवर फिंगर शेवटाला टेकते आणि पकड लागतच नाही. बाहेरून सगळं नीट दिसतं, म्हणून ही चूक शोधायला फार वेळ जातो.

शीट मेटल असेल तर: तिथे व्हॅक्यूम कप. ४० मिमी व्यासाच्या कपचं क्षेत्रफळ १२.५७ चौरस सेंमी, आणि ०.६ बार निर्वातावर तो कागदावर साधारण ७५ न्यूटन धरतो. शीट आडवी राहणार असेल तर किमान दुप्पट सुरक्षितता घ्या, उभी फिरवायची असेल तर चौपट. ६ किलोची शीट, प्रवेग ५ धरला तर ८९ न्यूटन. आडवी नेताना १७८, म्हणजे तीन कप आणि एक जादा. उभी करताना ३५६, म्हणजे पाच कप आणि एक जादा. तेलकट शीट एकमेकींना चिकटून दोन एकदम उचलल्या जातात. थप्पीच्या बाजूला सेपरेटर मॅग्नेट आणि वर डबल-शीट सेन्सर, दोन्ही लावा. दोन शीट एकदम डायमध्ये गेल्या तर डायच्या दुरुस्तीचा खर्च सेन्सरच्या कितीतरी पट येतो.

## टप्पा ५: वजनाची बेरीज करा आणि आता रोबो निवडा

"जॉब अडीच किलोचा आहे, दहा किलोचा रोबो भरपूर झाला." हे वाक्य ऐकलं की बेरीज मांडायला घ्या:

- दोन ग्रिपर बॉडी: २.२ किलो
- दोन्हींच्या फिंगर: १.० किलो
- जोडीचं ब्रॅकेट: १.८ किलो
- अडॅप्टर प्लेट: ०.६ किलो
- व्हॉल्व्ह, ट्यूब, केबल: ०.६ किलो
- एका हातात कच्चा जॉब, दुसऱ्यात तयार: ४.१ किलो

बेरीज १०.३ किलो. दहाचा रोबो इथेच बाद झाला.

नुसतं वजनही पुरत नाही, मनगटावरचा मोमेंट बघावा लागतो. सगळ्याचा गुरुत्वमध्य फ्लँजपासून (मनगटाच्या टोकाची चकती, जिच्यावर टूल बसतं) १४० मिमी पुढे आहे, आणि पाचव्या अक्षाच्या मध्यापासून फ्लँज १०० मिमी, असं धरा. १०.३ × ९.८१ × ०.२४ = साधारण २४ न्यूटन-मीटर. रोबोच्या डेटाशीटमध्ये पाचव्या आणि सहाव्या अक्षाचे मोमेंट आणि जडत्वाचे आकडे स्वतंत्र दिलेले असतात. तिन्ही कसोट्यांवर रोबो उतरला पाहिजे. मी २० ते २५ टक्के जागा मोकळी सोडायला सांगतो, कारण पुढे त्या ब्रॅकेटवर एअर ब्लोचं नोझल, एखादा सेन्सर, एखादं कव्हर बसतंच.

फ्लँजच्या होलचं मापही लिहून घ्या. आयएसओ ९४०९-१ प्रमाणे ५०-४-एम६ असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ ५० मिमी पीसीडीवर (होलच्या केंद्रांमधून जाणाऱ्या वर्तुळाच्या व्यासावर) एम६ चे चार होल. त्याच फ्लँजवर डॉवेलचं होल असतं, ते वापरा.

## टप्पा ६: लाइट गेली तर जॉब कुठे असेल?

मराठवाड्यात हा प्रश्न डिझाइनच्या टेबलावरच सुटला पाहिजे. ट्रिपिंग, व्होल्टेज डिप, जनरेटरवर जाण्यातले काही सेकंद, हे गृहीतच आहे.

वीज गेली तरी पकड टिकावी म्हणून ५/२ (पाच पोर्ट, दोन स्थिती) डबल सोलेनॉइड व्हॉल्व्ह लावा. दोन्ही कॉइल मेल्या तरी तो शेवटच्या स्थितीत राहतो, म्हणजे पकड तशीच राहते. सिंगल सोलेनॉइड, स्प्रिंग रिटर्न लावला आणि स्प्रिंगच्या बाजूला "उघड" जोडलं, तर लाइट जाताच जॉब खाली. हवा गेली तरी पकड टिकावी म्हणून ग्रिपर स्प्रिंगने बंद राहणारा घ्या, किंवा ग्रिपरच्या अगदी जवळ पायलट चेक व्हॉल्व्ह (आतली हवा अडवून धरणारा) बसवा. ऊर्जा गेल्यावर ग्रिपरने धरलेला जॉब पडून धोका होता कामा नये, ही अपेक्षा आयएसओ १०२१८-२ मध्येही आहे, आणि एंड इफेक्टरच्या (रोबोच्या टोकाला बसणाऱ्या टूलच्या) सुरक्षेसाठी आयएसओ/टीआर २०२१८-१ हे वेगळं मार्गदर्शन २०१८ मध्ये निघालं.

हवेतलं पाणी हा आपल्याकडचा दुसरा शत्रू. पावसाळ्यात हवा दमट, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की तापलेल्या कॉम्प्रेसरमधून गरम हवा लाइनमध्ये येते आणि पुढे गार होताना पाणी सोडते. ते पाणी व्हॉल्व्हमध्ये आणि ग्रिपरच्या सीलमध्ये जातं. रेफ्रिजरेटेड ड्रायर, ऑटो ड्रेन आणि सेलसाठी स्वतंत्र एफआरएल (फिल्टर, रेग्युलेटर, लुब्रिकेटर), हा खर्च टाळू नका. रोबोच्या लाइनवर प्रेशर स्विच लावा आणि दाब ठरलेल्या पातळीखाली गेला की सेल सुरक्षित थांबेल असं लिहा.

तपासणी: ग्रिपरमध्ये जॉब धरा, रोबो ट्रेच्या थोडा वर थांबवा, खाली जाड रबर शीट टाका, कुणालाही जवळ येऊ देऊ नका. आधी वीज बंद करा. मग हवेचा मेन व्हॉल्व्ह बंद करून लाइन रिकामी करा. दहा मिनिटं थांबा. जॉब जागचा हलला असेल तर पुढचा टप्पा नाही.

## टप्पा ७: सेन्सरने तीन गोष्टी सांगितल्या पाहिजेत

ग्रिपर "उघडा" आणि "बंद" एवढंच कळून भागत नाही. तीन स्थिती हव्यात: पूर्ण उघडा, जॉब पकडलेला, आणि जॉब नसताना पूर्ण बंद. दुसरी आणि तिसरी वेगळी ओळखता आली नाही तर रोबो रिकाम्या हाताने चकपर्यंत जातो, चक रिकामा बंद होतो आणि टूल हवेत फिरतं.

"जॉब पकडला"चा स्विच सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या व्यासाच्या जॉबवर लागला पाहिजे, आणि फिंगर रिकाम्या बंद झाल्यावर सुटला पाहिजे. तिन्ही स्थिती हाताने फिरवून, इनपुटचा दिवा बघत तपासा. केबल कूलंटपासून दूर न्या, कनेक्टरचं तोंड खाली ठेवा.

## टप्पा ८: बसवा, टीसीपी घ्या, पेलोड भरा

बोल्ट टॉर्क रेंचने आवळा, मध्यम ताकदीचं थ्रेड लॉकर लावा, आणि प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून प्लेटवर जाणारी रंगाची रेघ ओढा. बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसते.

टीसीपी (टूल सेंटर पॉइंट, म्हणजे रोबो टूलची जागा ज्या बिंदूवरून मोजतो तो) चार पॉइंटने घ्या, आणि मग टोकदार पिनभोवती तिन्ही कोनांत फिरवून बघा. टोक अर्धा मिमीपेक्षा जास्त भटकत असेल तर पुन्हा घ्या. दोन ग्रिपर असतील तर दोन वेगळे टीसीपी.

पेलोड (रोबोच्या हातातलं वजन) बहुतेक ठिकाणी एकदाच भरून सोडून देतात. आपल्या हबसाठी चार स्थिती आहेत: दोन्ही हात रिकामे, फक्त कच्चा, फक्त तयार, दोन्ही. प्रोग्राममध्ये पकड आणि सोड झाल्यावर पेलोड बदलण्याची ओळ हवीच. चुकीच्या पेलोडवर कोलिजन डिटेक्शन विनाकारण ट्रिप होतं. मग वैतागून कुणीतरी त्याची सेन्सिटिव्हिटी कमी करतं, आणि खरी धडक होते तेव्हा रोबो थांबत नाही.

## टप्पा ९: चक आणि ग्रिपरमधली देवाणघेवाण

सेलमधल्या बहुतेक धडका आणि पडलेले जॉब याच काही सेकंदांत होतात. क्रम असा:

१. मशीनकडून सायकल पूर्ण, स्पिंडल थांबला, दार पूर्ण उघडलं, असे तिन्ही सिग्नल येऊ द्या.
२. रिकामा ग्रिपर आत, तयार जॉब पकडा, "पकडला" सिग्नल बघा.
३. त्यानंतरच चक उघडा. चक उघडल्याचा सिग्नल आला की जॉब सरळ अक्षात बाहेर काढा.
४. चकच्या जॉवर आणि फेसवर हवा मारा. हे नंतर टाकू म्हणून वगळू नका.
५. कच्चा जॉब आत न्या, स्प्रिंगच्या पुशर प्लेटने चकच्या बैठकीवर दाबा.
६. चक बंद, "बंद झाला" सिग्नल, मगच फिंगर उघडा.
७. रोबो पूर्ण बाहेर, "झोन मोकळा" सिग्नल, मगच दार बंद.

पाचव्या आणि सहाव्या पायरीत एक अडचण आहे. क्षणभर जॉब दोन कडक हातांत असतो: चक त्याला आपल्या मध्यावर ओढतो आणि ग्रिपर आपल्या. दोन्हींचे मध्य तंतोतंत जुळत नाहीत, मग जॉब तिरका राहतो किंवा रोबोच्या गिअरवर ताण येतो. म्हणून मध्ये लवचिकता हवी: ग्रिपर आणि फ्लँजमध्ये कॉम्प्लायन्स युनिट, किंवा रोबोमध्ये सॉफ्ट फ्लोट (हात थोडा सैल सोडायची सोय) असेल तर त्या क्षणापुरता चालू करणं. पुशरच्या स्प्रिंगला तीन ते पाच मिमी दबायला जागा द्या.

तपासणी: जॉब बसल्यावर चकच्या बैठकीत आणि जॉबच्या फेसमध्ये ०.०५ मिमीचा फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघा. कुठेही शिरता कामा नये. सलग बरेच जॉब असे तपासा. क्लोज टॉलरन्सचं काम असेल तर एअर-गॅप सीट सेन्सिंग (जॉब नीट टेकला का ते हवेने ओळखणारी सोय) लावा आणि तो सिग्नल आल्याशिवाय स्पिंडल सुरू होऊ देऊ नका.

## टप्पा १०: ट्रायल, याच क्रमाने

१. टीच मोडमध्ये, म्हणजे सेकंदाला २५० मिमीच्या मर्यादेत, जॉबशिवाय पूर्ण सायकल.
२. नायलॉनचा, हबच्याच मापाचा डमी जॉब घेऊन. धडक झालीच तर डमी फुटेल, स्पिंडल नाही.
३. खरा जॉब, टर्निंग न करता, फक्त लोड-अनलोड.
४. मुद्दाम चुका करा: ट्रेचं एक घर रिकामं ठेवा, जॉब उलटा ठेवायचा प्रयत्न करा, तळाखाली चिप टाका, हवेचा दाब कमी करा, मध्येच इमर्जन्सी दाबा.
५. मगच कटिंगसह, आधी कमी वेगाने, मग पूर्ण.

चौथी पायरी वेळ नाही म्हणून गाळली जाते. ती गाळली तर याच चुका रात्रपाळीत, कुणी नसताना होतील. इमर्जन्सीनंतर रोबो सुरक्षित जागी परत कसा न्यायचा, याचा वेगळा होम प्रोग्राम लिहा आणि तो ऑपरेटरच्या हातून करून घ्या. प्रोग्रामरने करून दाखवलेलं पुरत नाही.

सावधान: कोबो (माणसाशेजारी चालण्यासाठी बनवलेला रोबो) आहे म्हणून कुंपण नको, असं ठरवण्याआधी ग्रिपर आणि जॉब बघा. रोबोचा हात मऊ थांबत असेल, पण टोकाला दातेरी फिंगर आणि बर असलेला फोर्जिंगचा तुकडा असेल तर तो सेल माणसाच्या शेजारी चालवण्याजोगा नाही. जोखमीचं मूल्यमापन पूर्ण टूलसह करायचं असतं. शिवाय फिंगर बंद होताना बोटं सापडतात, ती वेगळीच.

## टप्पा ११: चालू झाल्यानंतर

रोज पाळीच्या सुरुवातीला पॅड पुसा, बोल्टच्या रेघा बघा, एफआरएलचं पाणी सोडा. जालन्याकडून किंवा कुठूनही स्केल असलेलं फोर्जिंग येत असेल तर पॅडच्या दातांत स्केल भरतं. ते ताराच्या ब्रशने काढा, नाहीतर घर्षणांकाचं सगळं गणित बदलतं.

एक मास्टर जॉब टर्न करून, नंबर टाकून कपाटात ठेवा. आठवड्यातून एकदा रोबोने तो रीग्रिप स्टेशनवर ठेवायचा आणि डायलवर फेस आणि व्यास बघायचा. आकडा सरकू लागला तर आधी पॅडची झीज, मग डॉवेल, मग ग्रिपरच्या गाइडचा सैलपणा, आणि सगळ्यात शेवटी रोबोचे पॉइंट, या क्रमाने शोधा. पॉइंट आधी बदलले तर खरी झीज झाकली जाते.

फिंगरचा एक पूर्ण जादा सेट, पॅडचे दोन सेट, ग्रिपरचं सील किट, एक रीड स्विच आणि एक सोलेनॉइड कॉइल एवढं सेलच्या शेजारीच, नाव लिहिलेल्या डब्यात ठेवा. स्टोअरला रात्री कुलूप असतं. जादा फिंगर एकदा बसवून, पॉइंट न बदलता पूर्ण सायकल चालवून बघा, आणि त्या डब्यावर तारीख टाका.